दिवाखोलीवाल्या आत्याची अट

गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं भादरून झालं आणि मशीन मेलं. उजवी बाजू चकचकीत, डावीकडे रान माजलेलं. खुर्चीतला माणूस नोकरीच्या मुलाखतीला निघालेला. आरशात बघून त्याचा चेहरा जो काही झाला, त्याचं वर्णन मी करत नाही. मी मशीनला दोन शिव्या हासडल्या, तळहातावर आपटलं, पुन्हा बटण दाबलं. ढिम्म हलेना.

दुकानाच्या मागच्या खोलीत माझी आत्या भाजी निवडत बसली होती. तिने तिथूनच विचारलं, "रोज संध्याकाळी चार्जिंगला लावतेस ना?"

लावते की, न चुकता लावते, मी म्हटलं.

"तिथेच घोडं पेंड खातंय."

तिचं म्हणणं असं, की मशीनच्या पोटात निकेलचे सेल आहेत. माझ्याकडे दिवसाला येणार मोजकी डोकी. सेल जरासा उतरतो न उतरतो तोच मी त्याला परत पोटभर खाऊ घालते. महिनोन्महिने असे लाड केले की तो सोकावतो. आपलं काम एवढंच, असं धरून बसतो आणि जास्त काम पडलं की मधेच मान टाकतो. त्याला अधूनमधून पार दमू द्यावं आणि मगच जेवायला घालावं. मी म्हटलं, हे सगळं खरं, पण या माणसाच्या डाव्या बाजूचं काय करू? ती म्हणाली, कात्री काय शोभेला ठेवलीस का?

डोकं कात्रीने पुरं केलं. मशीन आत्याने ताब्यात घेतलं, पार बंद पडेपर्यंत घरघरत ठेवलं, पूर्ण भरलं, परत उतरवलं, परत भरलं. नव्यासारखं झालं नाही, पण तक्रारीला जागा राहिली नाही. त्या माणसाला नोकरी लागली का ते माहीत नाही. तो परत आला नाही, यावरून काय समजायचं ते समजा.

आत्याला हे कळतं, कारण तिचं अर्धं आयुष्य खाणीच्या दिवाखोलीत गेलं. आमच्या गावाच्या टोकाला खाण होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीवर दिवा आणि कमरेला त्या दिव्याची बॅटरी असायची. शिफ्टच्या आधी माणूस दिवाखोलीच्या खिडकीशी यायचा, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला आत द्यायचा आणि आपला दिवा घ्यायचा. बिल्ला आत्या मागच्या फळीवर खिळ्याला अडकवायची. वर आलं की दिवा परत द्यायचा आणि बिल्ला न्यायचा. फळीवर बिल्ला लटकतोय म्हणजे त्याचा धनी अजून जमिनीखाली आहे. फळी रिकामी झाल्याशिवाय आत्या कधी घरी आली नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, बाबाही खाणीतच कामाला, त्यामुळे मला वाढवलं ते आत्याने. दिवाखोलीतल्या बाकावर बसून मी अभ्यास केला. अभ्यास कसला, बिल्ले चाळवत बसायची.

भिंतीला लागून लांबच लांब घोडे, म्हणजे लाकडी मांडण्या, होते आणि त्यांवर दिवे रांगेने चार्ज होत असायचे. आत्या एकेकाला नावानिशी ओळखायची, म्हणजे दिव्याला, माणसाला नव्हे. साहेब लोकांचे दिवे तिला बिलकूल आवडायचे नाहीत. साहेब खाली जायचे, एक चक्कर मारायचे आणि वर यायचे. त्यांचे दिवे माझ्या मशीनसारखेच लाडावलेले. सुट्टीच्या दिवशी ती ते दिवे विझेपर्यंत नुसते जळत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, त्यांचा व्यायाम चाललाय.

आता इंजिनकाका. खाणीच्या तोंडापासून वरच्या फाटकापर्यंत चढाचे रूळ होते आणि त्यांवरून मालाचे डबे ओढायला बॅटरीवर चालणारं एक बुटकं इंजिन होतं. ते चालवायचे इंजिनकाका. डबे आणायला त्यांनाही खाणीत शिरावं लागायचं, म्हणून दिवा आणि बिल्ला त्यांनाही होता. त्या इंजिनाच्या बॅटऱ्या दिवाखोलीकडे नव्हत्या, दुसऱ्या शेडकडे होत्या आणि त्या शेडला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. शिफ्ट संपता संपता इंजिन चढावर हमखास दम तोडायचं. मग दमूनभागून वर आलेली माणसं काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याला धक्का मारायची. वरच्या फाटकाला लागूनच दिवाखोली. तिथे पोचले की काका सगळ्यांच्या शेवटी खिडकीशी यायचे आणि दिवा द्यायला उगाच वेळ लावायचे.

एक दिवस त्यांनी भर रांगेत आत्याला लग्नाचं विचारलं. आत्याचं तोंड म्हणजे तोफखाना. ती म्हणाली, "आधी तुमचं इंजिन धक्का न मारता या फाटकापर्यंत आणा. मग लग्नाचं बोला."

रांग खो खो हसली. काका हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले. तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण, असं म्हणतात ना, तशातली गत झाली. आत्या तसं का बोलली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. घरात मी होते. शेंबडी, हट्टी, आत्याच्या कुशीशिवाय न झोपणारी. ती हे कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

इंजिन काही धक्क्याशिवाय वर गेलं नाही आणि मग खाणीतला माल संपला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी दिवे परत केले आणि आठवण म्हणून बिल्ले घरी नेले. फळीवर एकच बिल्ला उरला. इंजिनकाका दिवा द्यायला आलेच नाहीत. ते तसेच दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला निघून गेले. आत्याने तो बिल्ला घरी आणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. इतकी वर्षं मी तो बघत आले. विषय निघाला की ती म्हणायची, एक दिवा यायचा राहिलाय. आवाजात राग असायचा, आणि तो राग फार जपून ठेवलेला असायचा.

निवृत्त झाल्यावर काका परत आले आणि आमच्याच गल्लीत खोली घेतली. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आत्यानेही नाही. पहिल्या दिवशी ते दारात उभे राहिले तर आत्याने ना या म्हटलं ना बसा म्हटलं. तिने विचारलं, दिवा आणलात का? काका म्हणाले, फाटकापर्यंत पोचलो की देईन. मग चहा झाला. त्यानंतर रोज संध्याकाळी चहा आणि रोज वाद. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करायची, खाणीतल्यासारखीच. मी दुकानातून ऐकायची आणि मनात म्हणायची, देवा, या दोघांना एका खोलीत कोंडून कुलूप लाव रे.

कुलूप लागलं, पण वेगळ्या प्रकाराने. खाणीचं संग्रहालय करायचं ठरलं आणि त्याचं काम बघायला एक इंजिनिअर बाई आली. तरुण, हसतमुख, चिखलात बिनधास्त पाय घालणारी. तिला बंद शेडमध्ये ते इंजिन सापडलं, जुन्या बॅटऱ्यांसकट. चाललं तर मुलांना बसवून फिरवू, नाही चाललं तर रंग देऊन दारात उभं करू, असा तिचा विचार. नव्या बॅटऱ्या ती सहज बसवू शकली असती, पण जुन्यांवर चाललं तर बघायची तिला हौस होती. ती आत्याला विचारायला दुकानात आली तेव्हा काका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, शब्द अजून चालू आहे ना?" त्यांनी आत्याला विचारलं.

"माझा शब्द आहे. बॅटरी नाही उतरून जायला."

झालं. गंमत बघा, ज्या बॅटऱ्यांनी इंजिन चढणार, त्या जिवंत करायच्या होत्या आत्यालाच. इंजिन वर गेलं तर तिचं लग्न, नाही गेलं तर काका पुन्हा विचारणार नाहीत, हे त्यांचा चेहरा सांगत होता. आणि दोन्हींची चावी आत्याच्या हातात. इंजिनिअर बाईला मी ही सगळी भानगड सांगितली. ती इतकी हसत सुटली, की तिला खुर्ची द्यावी लागली.

इंजिनाचं झाकण उघडलं तर आत लाकडी पेट्यांत पोलादी डबे ओळीने बसवलेले. गंज, धूळ, कोळ्यांची जाळी. मी म्हटलं, हे मेलंय. आत्याने एका डब्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, हे मरत नसतं, रुसून बसतं. मग तिने मला जे सांगितलं ते मला पहिल्यांदा खरोखर कळलं, म्हणून इथे सांगते.

डब्यात एका बाजूला निकेलच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला लोखंडाच्या, आणि मधे पोटॅश घातलेलं पाणी. इंजिन चालतं तेव्हा आतलं लोखंड गंजतं. खरंच गंजतं. निकेलने धरून ठेवलेला प्राणवायू लोखंडाकडे जातो आणि त्या देवाणघेवाणीत वीज तयार होते. चार्ज करायचं म्हणजे वीज उलटी घालून तो गंज उतरवायचा. लोखंड पुन्हा कोरं, निकेल पुन्हा भरलेलं. मधलं पोटॅशचं पाणी नुसतं इकडचं तिकडे पोचवतं, स्वतः खर्ची पडत नाही. मी म्हटलं, म्हणजे मध्यस्थ. ती म्हणाली, हो, तुझ्यासारखंच, फक्त ते बडबड करत नाही.

निकेलची बाजू सगळीकडे तीच, असं ती इंजिनिअर बाईला सांगत होती, समोरचा जोडीदार बदलतो. लोखंड असेल तर जड आणि चिवट, इंजिनात घालावं, खाणीच्या सिग्नलला लावावं, पडून राहिलं तरी हरकत नाही. कॅडमियम असेल तर खाणकामगारांचे दिवे, विमानाचं इंजिन सुरू करायच्या बॅटऱ्या, दवाखान्यात वीज गेल्यावर लागणारे दिवे आणि माझं जुनं मशीन. पण ते जात्याच विषारी, मेलं तरी कचऱ्यात टाकायचं नाही. आख्ख्या गल्लीचे मेलेले सेल आत्या एका डब्यात साठवते आणि गोळा करणाऱ्यांकडे स्वतः नेऊन देते. तिसरा जोडीदार म्हणजे हायड्रोजन पोटात धरून ठेवणारा धातू. तो असतो मुलांच्या खेळण्यांत, बिनतारेच्या फोनमध्ये आणि अर्ध्या पेट्रोलवर, अर्ध्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत. इंजिनिअर बाईने पुढचं सांगितलं, नव्या मोबाइलमध्ये वेगळंच असतं, हलकं आणि नाजूक. दोघींची छान गट्टी जमली आणि मला कोपऱ्यात बसून ऐकावं लागलं.

काम सुरू झालं. आत्याने डबे रिकामे केले. आतून काळं पाणी आलं. ते तिने नीट पिंपात साठवलं, जमिनीवर ओतू दिलं नाही. डबे धुतले, नवं पोटॅश कालवलं, भरलं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. तरी एकदोनदा थेंब उडालेच. कातडीला साबण लागल्यासारखं निसरडं वाटायचं आणि मग झोंबायचं. चार्ज होताना सेल बुडबुडतात आणि त्यातून निघतो तो पेट घेणारा वायू, म्हणून शेडची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी आणि आसपास सिगारेट पेटवायची नाही. इंजिनकाकांची जन्माची सवय या नियमाने सुटली. जे डॉक्टरला जमलं नाही, ते आत्याच्या एका नजरेने केलं.

पहिल्यांदा भरलं तेव्हा बॅटरीने काहीच दिलं नाही. दिवे लावून उतरवायला घेतली तर लगेच खलास. काकांचा चेहरा पडला. आत्या मात्र खूश. इतकी वर्षं झोपलेली आहे, डोळे तरी किलकिले केले ना, ती म्हणाली. पुन्हा भरली, पुन्हा पार उतरवली. प्रत्येक वेळी दिवे जरा जास्त वेळ जळायचे. तीन-चार डबे काही केल्या उठले नाहीत, ते तिने बाजूला काढले. बाकीच्यांत जीव आला. ज्या दिवशी इंजिन शेडमधल्या शेडमध्ये हातभर पुढे सरकलं, त्या दिवशी काका लहान मुलासारखे घंटा वाजवत बसले, आणि आत्या त्यांना ओरडली, पण ओरडताना हसत होती.

माझं डोकं मात्र फिरलं होतं ते वेगळ्या कारणाने. एके दिवशी काका म्हणत होते आणखी थोडं भरू द्या, आणि आत्याने सेलला हात लावून बघितला आणि चार्जर बंद केला. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय. घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, लग्न नको असेल तर सरळ तोंडाने सांग, बिचाऱ्या म्हाताऱ्याला झुलवू नकोस. मी चिडले की मला आवर राहत नाही, आणि त्या दिवशी बरंच बोलले.

आत्याने शांतपणे दोन्ही हात पुढे करून दाखवले. सालं निघालेली.

"सेल तापले होते. तापला की थांबायचं. मला काय हवंय ते बॅटरीला कळत नाही, आणि कळू द्यायचंही नाही. मी कमी भरणार नाही, आणि जास्त रेटणारही नाही." मग म्हणाली, "आणि हवंय. एवढी सालं काय हौस म्हणून काढून घेतलीत?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, मग सोड ना ती अट, उद्याच करा लग्न. तर म्हणाली, त्यांनी ती इतकी वर्षं सांभाळली. आता मी सोडली तर त्यांना वाटेल मी दया केली. दोघंही एका माळेचे मणी.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी शेवटचं चार्जिंग चालू होतं. काकांना राखणीला बसवून आत्या माझ्या दुकानात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, नीट काप. जन्मात पहिल्यांदा. माझ्याकडे ती केस कापायला यायची ती नुसती कमी कर म्हणून. थट्टा केली असती तर ती उठून गेली असती, म्हणून मी सरळ कात्री उचलली. मोठ्या प्रेमाने मी तिची डावी बाजू कानापर्यंत आणली. उजवी बाजू खांद्यावर होती, तेवढ्यात इंजिनकाका धापा टाकत दारात.

"बाई, ते उतू चाललंय."

आत्या गळ्यातल्या कापडासकट धावली. मी कात्रीसकट तिच्या मागे. शेडमध्ये पेट्यांवर पांढरा फेस, लाकडातून पोटॅशचे ओघळ. काकांनी काय केलं होतं? उद्याचा दिवस मोठा, बॅटरीला तहान लागायला नको, म्हणून प्रत्येक डब्यात डिस्टिल्ड वॉटर अगदी काठोकाठ भरलं होतं. सेल बुडबुडायला लागले की पाणी आपोआप वर चढतं, त्यासाठी वरती जागा सोडायची असते. हे खाणीतल्या पोरासोरांना माहीत होतं. काकांना त्या दिवशी आठवलं नाही. आता निम्मं पोटॅश जमिनीवर आणि डब्यांत उरलं ते पातळ झालेलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण कुणी केली असेल त्याने इंजिनकाकांना बघूनच केली असावी.

काका भिंतीशी उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आत्या त्यांना आता फाडून खाणार, असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, बादली आणा, पाणी आणा, डोळ्यांना हात लावू नका. आम्ही सगळं धुतलं, पुसलं, सुकवलं. नवं पोटॅश कालवून पुन्हा भरायला आणि ते डब्यांत मुरायला वेळ नव्हता. डब्यांतल्या पाण्यात किती पोटॅश उरलंय ते आत्याने काचेच्या नळीने मोजलं आणि नळी ठेवून दिली. काय निघालं ते सांगितलं नाही. सकाळी ती इंजिनिअर बाईला म्हणाली, मागे जोडलेला मुलांना बसवायचा डबा सोडवा, इंजिन एकटंच जाऊ दे. तेव्हा मला कळलं, तिला वर पोचवायचंय आणि ते पोचेल असं तिला वाटत नाहीये. मी कात्री घेऊन तिच्यामागे फिरत होते. तिने डोक्याला रुमाल बांधला आणि मला गप्प केलं.

सगळं गाव लोटलं होतं. जुने खाणकामगार, काठ्या टेकत, नातवंडं धरून. इंजिन निळ्या रंगात झळकत होतं. इंजिनकाका टोपी घालून चढले, आत्याकडे एकदा बघितलं, घंटा वाजवली आणि हँडल फिरवलं. इंजिन गुरगुरलं आणि निघालं. लोकांनी अशा टाळ्या पिटल्या, अशा शिट्ट्या मारल्या, की मलाही आपलं काहीतरी कर्तृत्व असल्यासारखं वाटायला लागलं. सपाटीवर झकास चाललं. चढ लागला तसा आवाज खाली आला. तरी चढत होतं. दिवाखोली दिसायला लागली. फाटकाचे दोन खांब दिसायला लागले. आम्ही सगळे रुळांच्या बाजूने चालत होतो.

फाटक अगदी हाकेच्या अंतरावर असताना ते थांबलं.

जुन्या सवयीने पाच-सहा म्हातारे पुढे सरसावले. खांदे लावायला वाकलेसुद्धा. काकांनी आतून हात वर केला. "कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. धक्का लागला की अट गेली. मग ते तसेच बसून राहिले, हँडलवर हात ठेवून, फाटकाकडे बघत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मी वळून असं बघितलं, की पुढची म्हण त्याच्या घशातच राहिली. पण माझेही डोळे भरले होते. काकांचा मला राग आला, पाण्याचा आला, त्या निळ्या धुडाचा आला.

आत्याने आपली पिशवी माझ्या हातात दिली. बाह्या वर केल्या. इंजिनाच्या मागे गेली आणि दोन्ही तळहात पत्र्याला लावले.

"बाई, अट धक्का न मारता होती," काका पुढून म्हणाले.

"अट कुणाची होती?"

"तुमची."

"मग ती मोडायची की ठेवायची, मी बघीन. तू ब्रेक सोड."

तू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांनी ब्रेक सोडला. आत्याने जोर लावला. तिचा रुमाल घसरला आणि सगळ्या गावाने बघितलं, केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यावर. तिला त्याचं काही नव्हतं. एकटीने ते काय हलणार, पण ती रेटत होती आणि हसत होती, आणि मग मी पिशवी टाकून धावले, इंजिनिअर बाई धावली, सगळे म्हातारे धावले. जुन्या शिव्या, जुने हुंकार, जुनी थट्टा. बॅटरीतही कुठे चिमूटभर दम उरला असेल, तिनेही शेवटचा जोर दिला. इंजिन फाटकातून पार झालं आणि घंटा जी वाजायला लागली ती थांबेचना.

आत्या धापा टाकत सरळ दिवाखोलीत गेली. ती आता संग्रहालयाची खोली झाली होती. घोड्यांवर जुने दिवे मांडलेले, भिंतीला रिकामी फळी. ती खिडकीच्या आत जाऊन उभी राहिली. गावाला काही कळेना, मला कळलं. इंजिनकाका उतरले, सीटखाली हात घालून एक कापडाचं गाठोडं काढलं आणि चालत खिडकीशी आले. शेवटी, नेहमीसारखे सगळ्यांच्या शेवटी. गाठोड्यात टोपीचा दिवा होता, वायरीसकट, बॅटरीसकट. त्यांनी तो खिडकीत ठेवला.

"वर आलो," ते म्हणाले.

आत्याने खिशातून पितळी बिल्ला काढला. सकाळी घरून निघताना स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून तिने तो घेतला होता, म्हणजे सगळं मोजून-मापून, कमी पडणार हे माहीत असून ती निघाली होती. बिल्ला तिने काकांच्या हातावर ठेवला आणि हात तसाच राहू दिला. दुसऱ्या हाताने दिवा उचलून उलटापालटा करून बघितला.

"इतकी वर्षं बाहेर होता," ती म्हणाली, "निदान पुसून तरी आणायचास."